पऱ्हाट्यांच्या पेलेट्स युरोपला पाठवणं परवडेल का? हिशेब तपासून हवा आहे

नमस्कार मंडळी,

मंठा तालुक्यात (जि. जालना) आमचा १८ जणांचा शेतकरी गट आहे. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या (कापूस-तुरीच्या वाळल्या काड्यांच्या) पेलेट्स, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, करतो. माल आजवर आसपासच्या बॉयलरवाल्यांनी उचलला. आता एक दलाल म्हणतोय, कंटेनर भरा, युरोपात दुप्पट भाव मिळवून देतो. रविवारी बैठक आहे आणि निम्मा गट तयार झालाय. मला मात्र रात्री झोप नाही, कारण मशीनचं कर्ज माझ्या सातबाऱ्यावर आहे.

मी मांडलेला हिशेब असा. आमच्या एका टनात साधारण १६ गिगाज्यूल (१ गिगाज्यूल म्हणजे १००० मेगाज्यूल) उष्णता. ट्रकला टनामागे दर किलोमीटरला अंदाजे १ मेगाज्यूल डिझेल लागतं. न्हावा शेवा बंदर साडेचारशे किलोमीटर, म्हणजे अर्धा गिगाज्यूल गेला. जहाजाला तेवढ्याच कामाला दहावा हिस्सा पुरतो. नेदरलंड्समधलं रॉटरडॅम बंदर सुएझमार्गे १२ हजार किलोमीटर धरलं तर सव्वा गिगाज्यूल. आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा पडला तर त्यात आणखी जवळजवळ दोन-तृतीयांश भर पडते. म्हणजे सुएझमार्गे एवढा समुद्र ओलांडूनही दहातला एकच हिस्सा जळतो! हे वाचून मीच चकित झालो. चुकलंय का कुठे?

खरा खर्च मला आधीच्या टप्प्यात दिसतो. ट्रॉली वरपर्यंत पऱ्हाट्यांनी भरली तरी काट्यावर सात-आठ क्विंटलच भरते, आणि अशा खेपा गावोगाव. मग कुट्टी, वाळवण. पेलेटला टनामागे १३० युनिट वीज आमच्या मीटरवर दिसते. ती कोळशावरची धरली तर जवळजवळ दीड गिगाज्यूल कोळसा तिथेच जळाला, सुएझमार्गच्या सगळ्या सागरी प्रवासापेक्षा जास्त.

इंग्लंडातल्या ड्रॅक्स वीजकेंद्राला अमेरिकेतून लाकडी पेलेट्स जातात, पण ते लोक मिसिसिपी-लुइझियानातल्या कारखान्यांतून माल बंदरावर आणून अख्खं जहाज भरतात. आमच्याकडे दोन-चार कंटेनरचा माल. कंटेनरला तेवढं स्वस्त भाडं पडेल का?

शिवाय राख. मी चुलीत आमच्या पेलेट्स जाळून पाहिल्या. खाली विटभट्टीतल्या खंगरासारखा गोळा झाला, उलथन्याने ठोकावा लागला. युरोपात घरगुती वापराच्या वरच्या दर्जाला राख ०.७ टक्क्याच्या आत लागते. आमची त्याच्या कितीतरी पट असणार.

जाणकारांनी सांगावं: कंटेनरचा माल घेणारं गिऱ्हाईक खरंच असतं का, आणि करारात काय पाहायचं?

प्रतिसाद १
भाऊ, हिशेब बरोबर आहे. पण भाव ठरतो तो राख, क्लोरीन आणि ओलाव्यावर. कापसाच्या काडीत पोटॅश जास्त, म्हणून खंगर धरतो. आधी प्रयोगशाळेत राखेचं वितळण तापमान तपासून घ्या, त्याशिवाय सॅम्पलही पाठवू नका. दलालाकडून भाव बंदरावरचा की तिकडे पोचल्यावरचा, ते लेखी घ्या. माल नाकारला तर परतीचं भाडं तुमच्याच डोक्यावर. आणि बंद कंटेनरात पेलेट्समधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. २००६ साली स्वीडनमधल्या हेलसिंगबोर्ग बंदरात जहाजात उतरलेला खलाशी त्यानेच गेला. उघडताना पोरांना एकदम आत जाऊ देऊ नका.

प्रतिसाद २
परळीचं औष्णिक वीजकेंद्र तुमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे ना? केंद्राने २०२१ च्या धोरणात कोळशाच्या वीजकेंद्रांना ५ टक्के बायोमास (शेतातल्या काडीकचऱ्याचं जळण) मिसळायला सांगितलं होतं. निविदांवर लक्ष ठेवा. पैसे उशिरा येतील, पण जहाजाची जोखीम नाही.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. काल ग्लासभर पाण्यात चार पेलेट्स टाकल्या होत्या, दहा मिनिटांत भुसा होऊन तळाशी बसल्या. वाटेत माल भिजला तर काय होईल ते दिसावं, म्हणून तोच ग्लास रविवारी बैठकीत सगळ्यांसमोर ठेवणार आहे. राखेची तपासणी मराठवाड्यात कुठे होते, हे कुणी सांगेल का? सोमवारी नमुना घेऊन निघतो.