हापूस आणि फ्रोझन मोदक, दोन्ही एकाच खेपेत विमानाने लंडनला जातील का?

कलमवाला_देवगड:
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत, आजवर सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा आणि पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशोब) आली की आई जे बोलते ते इथे लिहिता येणार नाही. मावसभाऊ लंडनला असतो, त्याच्या मंडळातले लोक म्हणतायत की थेट बागेतला आंबा असेल तर ५०-६० डझन आम्हीच घेऊ. शिवाय आई आणि काकू उकडीचे मोदक, पुरणपोळ्या करतात, गोठवून मुंबईत देतो आम्ही, ते पण त्यांना हवंय. तर एकाच खेपेत दोन्ही पाठवलं आणि ड्राय आइस टाकला तर आंबाही थंडच राहील ना? आणि विमान नऊ-दहा तासात पोचतं मग लोक कोल्ड चेन कोल्ड चेन काय करतात एवढं? एक कुरिअरवाला म्हणतो सगळं माझ्यावर सोडा, कागदावर नुसतं "सॅम्पल" लिहू. करू का?

सहारचा_एजंट:
भावा आधी शेवटचं, ते सॅम्पलवालं अजिबात नको. आंब्याला फायटो, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, लागतो का ते तिकडच्या आताच्या नियमात बघ, सॅम्पल नाहीतर गिफ्ट लिहून ते टळत नाही. तिकडे पकडलं की माल नष्ट करू शकतात, आणि कुरिअरवाला फोन उचलत नाही.

आता ड्राय आइस. तो उणे ७८ डिग्रीचा असतो आणि आंब्याला पाहिजे १२-१३. कच्चा हापूस त्याच्या फार खाली गेला की साल राखाडी पडते, डाग येतात आणि तो पिकतच नाही, पिकला तरी चव नाही. वर ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तो बॉक्समधे उडत राहतो आणि बंद जागेत आंब्याचं पिकणं बिघडवतो. मोदकाला उणे १८ पाहिजे. त्यामुळे एकत्र हा विषय इथेच संपला.

आणि नऊ तासाचं म्हणशील तर विमानात माल खराब होत नाही रे, जमिनीवर होतो. देवगडहून रात्रभर ट्रक, वाशीला ट्रीटमेंट, ग्रेडिंग, पॅकिंग, मग सहारला, म्हणजे मुंबई विमानतळाच्या कार्गोला, गाडी लाइनीत उभी, एक्स-रे, कस्टम्स, पॅलेट बांधणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बांधलेलं पॅलेट विमान लागेपर्यंत डांबरावर उभं राहतं ते. मे महिन्यातली दुपार आणि वर प्लॅस्टिक, आत भट्टी होते. म्हणून रात्रीची डायरेक्ट फ्लाइट बघायची आणि फॉरवर्डरला (विमानात माल बुक करणाऱ्याला) थर्मल ब्लँकेट मागायचं. आखातात उतरून जाणारी फ्लाइट किलोमागे स्वस्त मिळते पण तिथल्या उन्हात माल पुन्हा एकदा उतरतो आणि चढतो, ते गणित ज्याचं त्याने करावं.

मोदकांचं स्पष्ट सांगतो, विमानाने पाठवू नको. ६०×४५×४० सेमीचा थर्माकोलचा बॉक्स घे, गुणाकार करून ६००० ने भाग, १८ किलो येतात, हे आकारावरून धरलेलं वजन. आत माल आणि ड्राय आइस मिळून १२ किलो असला तरी पैसे १८ चे. कुरिअरवाले तर बहुतेक ५००० ने भागतात, म्हणजे २१.६. आणि तो ड्राय आइस वाटेतच उडून जाणार आहे. शिवाय तो डेंजरस गुड्समधे मोडतो, यूएन १८४५, क्लास ९ चं लेबल, बॉक्सवर ड्राय आइसचं नेट वजन किलोमधे लिहायचं, आणि बॉक्स हवाबंद करायचा नाही. लोक हौसेने चारी बाजूंनी टेप मारतात, आत गॅस साठतो आणि बॉक्स फुटतो.

हाउन्स्लोची_वहिनी:
मी घेणारी आहे म्हणून इकडची बाजू. दरवर्षी कोणीतरी उत्साहाने ग्रुपवर लिहितं "माझ्या काकांच्या बागेतला", आणि निम्म्या वेळेला देठाजवळ काळा पडलेला नाहीतर वरून पिवळाधमक आणि आत आंबट आंबा हातात येतो. पैसे परत कोण मागणार, काकांचा आंबा ना. सुपरमार्केटचा आंबा चवीला नुसता पपईसारखा, म्हणून आम्ही तरी पण घेतो 😀

हीथ्रोला कागद तपासतात, माल उघडून पण बघतात, तिथे सुटीचा दिवस मधे आला की बॉक्स तसेच पडून. म्हणून शुक्रवार-शनिवारी उतरेल असं काही करू नका, आणि ईस्टर कधी आहे ते बघून ठेवा, चार दिवस जातात आणि नेमका एप्रिलच्या आसपास येतो. मावसभावाला विचारा की उतरवून कोण घेणार, त्याच्या नावाने इम्पोर्ट होणार की एजंट ठेवणार. ५०-६० डझन त्याच्या गाडीत मावणार नाहीत. आणि हो, पाहुण्यांच्या बॅगेतून पाठवू म्हणाल तर त्याचे पण नियम आधी बघून घ्या.

वाशी_पॅकहाऊस:
एजंटभाऊंनी ट्रीटमेंट एका शब्दात उरकली पण खरी मेख तिथेच आहे. २०१४ आठवतं का, १ मेपासून युरोपने भारतातला आंबा बंद केला होता, सोबत अळू, कारली, वांगी आणि पडवळ. कारण फळमाशी. ऐन सीझनमधे. जानेवारी २०१५ ला आंब्यावरची बंदी उठली पण तेव्हापासून युरोपला ट्रीटमेंटशिवाय माल हलत नाही, युके आता युरोपातून बाहेर आहे तर त्यांचा आताचा नियम वेगळा विचारून घे. साधारण प्रकार असा की ४८ डिग्रीच्या पाण्यात ६० मिनिटं आंबा बुडवून ठेवायचा. अमेरिकेचं वेगळंच, तिथे रेडिएशन, किमान ४०० ग्रे (रेडिएशनचं माप), ते पण त्यांच्या इन्स्पेक्टरच्या देखरेखीखाली. २०२० आणि २१ ला कोविडमुळे इन्स्पेक्टर येऊ शकले नाहीत आणि अमेरिकेचा आंबा बंदच राहिला. आखातात हे पाण्याचं झंझट नाही, म्हणून सगळे आधी दुबई करतात.

आता गरम पाणी कोवळ्या हापूसला सोसत नाही, साल भाजल्यासारखी होते, पिकताना सुरकुततो. चौदा आण्याचाच, म्हणजे सोळा आणे पूर्ण धरले तर जवळजवळ तयार झालेला, आंबा पाहिजे. मुंबईच्या बाजाराला लवकर जावा म्हणून बारा आण्यात काढतात ना, तो इथे चालत नाही, वहिनींना आंबट आंबा मिळतो तो हाच. काढताना झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट काढायचा, चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही, जमिनीवर टेकवायचा नाही, आणि सकाळीच काढायचा. ट्रीटमेंट झाली की लगेच थंड करून, नीट सुकवून मगच बॉक्स भरायचा, ओला भरला की पुठ्ठा दबतो आणि देठाला बुरशी धरते. साका (आतला गर पांढरट, स्पंजसारखा होतो तो) बाहेरून दिसत नाही त्याला इलाज नाही, घेणाऱ्याला तेवढं आधीच सांगून ठेव.

आणि बाग अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) मँगोनेटवर, म्हणजे निर्यातीच्या आंबा बागांच्या नोंदणीत, रजिस्टर आहे का? ते सीझन सुरू व्हायच्या आधी करायचं असतं. नसेल तर तुझा आंबा कितीही गोड असो, युरोपच्या लॉटला लागणार नाही, युकेचं विचारून घे.

कलमवाला_देवगड:
बापरे. बाग रजिस्टर नाही, कृषी ऑफिसला सोमवारी जातो. पण मग ६० डझनासाठी एवढं सगळं परवडतं का? आणि मोदकाचं काय सांगू घरी, आईने मोठा फ्रीजर घेतलाय.

सहारचा_एजंट:
एकट्याने परवडत नाही. साडेतीन किलोचे ६० बॉक्स म्हणजे २१० किलो आंबा, पुठ्ठा धरून अजून थोडं वर. विमानाचे रेट स्लॅबने असतात, ४५ च्या वर, १०० च्या वर, ३०० च्या वर, जितकं जास्त तितका किलोमागे रेट कमी. तू १०० च्या स्लॅबमधे बसशील, पण कागदपत्रं, सीएचए (कस्टम्सचा एजंट) असे काही खर्च माल थोडा असला तरी लागतातच. त्यामुळे पहिलं वर्ष आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी कोड) वगैरे काढत बसू नको. जो आधीच लंडनला पाठवतोय अशा एक्स्पोर्टरच्या पॅलेटवर तुझे बॉक्स जाऊ देत, बॉक्सवर तुझ्या बागेचं नाव राहील असं ठरवून घे, म्हणजे पट्टीच्या वर काहीतरी हातात पडेल. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात मात्र नको, पाऊस जवळ आला की आंबा टिकत नाही आणि तिकडे पण लोकांचा उत्साह संपतो.

मोदक समुद्राने. न्हावा शेव्याहून उणे १८ चा रीफर (थंड कंटेनर) जातो, तिकडच्या इंडियन दुकानातल्या फ्रीजरमधला पराठा-समोसा बहुतेक असाच आलेला असतो. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्राच्या भानगडीने बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, पण गोठलेल्या मालाला दोन आठवडे जास्त लागले म्हणून फरक पडत नाही. फरक पडतो तो मधेच वितळून परत गोठला तर, उकडीच्या पारीला तडे जातात.

वाशी_पॅकहाऊस:
+१. आणि मोदकात, पोळीत तूप आहे ना? दूध-तूप असलं की युकेत वेगळे नियम लागतात, कंटेनरचा विचार करायच्या आधी तिकडच्या इम्पोर्टरकडून लेखी घे. तोपर्यंत आईंच्या फ्रीजरला मुंबईचं गिऱ्हाईक पुरेल, गणपतीत तर कमी पडेल.

हाउन्स्लोची_वहिनी:
बाग रजिस्टर झाली की इथेच टाका, आमच्या मंडळाचे १० डझन धरा. चौदा आण्याचेच हां.