वेरूळचा काळा दगड फोटोत पांढुरका का यायलाय?

जालन्याचा_नवखा:
नमस्कार मंडळी. महिन्याखाली सेकंडहँड डीएसएलआर कॅमेरा घेतला, सोबत १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स. रविवारी सकाळीच वेरूळ केलं आणि परत येताना बीबी का मकबरा. घरी येऊन फोटो बघितले तर डोकंच फिरलं. कैलास लेण्याचा काळा दगड पांढुरका आलाय, वर आभाळ तर नुसतं चुना फासल्यासारखं, आणि मकबरा एवढा पांढराशुभ्र तो मळक्या धोतरासारखा. १० नंबरच्या लेण्यात बुद्धमूर्ती झूम करून काढली तर हलली. मोड 'पी' होता, म्हणजे शटर अन् लेन्सचं तोंड किती उघडायचं ते कॅमेराच ठरवतो. एक्सपोजर ट्रँगलचे, म्हणजे शटर, लेन्सचं तोंड अन् आयएसओ यांचा मेळ कसा घालायचा त्याचे व्हिडिओ चारदा बघितले, बघताना कळतं पण कॅमेरा हातात आला की सगळं इसरतं. पुढच्या महिन्यात चुलत बहिणीचं लग्न आहे, घरचे म्हणायलेत आता तूच काढ. मला फक्त आकडे सांगा, लेण्यात काय, उन्हात काय, मांडवात काय, वहीत लिहून ठेवतो.

गोदाकाठ:
ऑटोवर ठेव अन् जेवायला बस राव, लग्न आहे का परीक्षा 😄

काळा_पाषाण:
आकडे लिहून घेऊ नको भाऊ, ढग आला की वही वाया. आणि व्हिडिओत उजेड समजवायला देतात ते बादली-नळाचं उदाहरण पण सोड, आपल्याकडं नळ कधी येतो तेच कळंना.

तुझा कॅमेरा बिघडलेला नाही, तो फसलाय. त्याच्या मीटरला, म्हणजे आतल्या उजेड मोजणाऱ्या यंत्राला, दगड का संगमरवर काय कळत नाही, जे समोर दिसेल ते मधल्या राखाडी रंगाचं असेल असं धरूनच तो हिशोब करतो. फ्रेमभर काळा दगड दिसला की त्याला वाटतं अंधार आहे, मग उजेड वाढवतो, दगड पांढुरका होतो अन् आभाळ जळतं. मकबऱ्याला उलटं, पांढरं जास्त दिसलं म्हणून उजेड कमी करतो. प्लस-मायनसचं बटण आहे ना, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, काळ्याला -१ आणि पांढऱ्याला +१ करून बघ, 'पी' मोडवर पण चालतं. आभाळ तेवढ्यानं पूर्ण सुधरेलच असं नाही. अजून एक, वेरूळची लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत, त्यामुळं आत उजेड दुपारनंतर जातो, तू सकाळी गेलास तिथंच निम्मं हुकलं.

१० नंबरच्या फोटोची माहिती उघडून बघ अन् इथं टाक.

जालन्याचा_नवखा:
बघितली. ५५ वर झूम, एफ (लेन्सचं तोंड) ५.६, शटर १/१५ सेकंद, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ४००.

काळा_पाषाण:
मग हलणारच. ५५ ला हातात धरून निदान १/८० तरी पाहिजे. तुझी ही किट लेन्स झूम केली की तिचं तोंड पण बारीक होतं, एफचा आकडा वाढला की तोंड बारीक, १८ वर एफ ३.५ मिळतं ते ५५ वर ५.६ होतं, म्हणजे उजेड निम्म्याहून कमी. झूम न करता १८ वर चार पावलं पुढं गेला असतास तर एफ ३.५, १/३० आणि तोच आयएसओ ४०० पुरला असता. झूमच पाहिजे असेल तर शटर १/१२५ अन् आयएसओ ३२०० कर, फोटोत थोडे दाणे, म्हणजे रवाळ ठिपके येतील, येऊ दे. दाणेदार फोटो बघता येतो, हललेल्याचं काहीच करता येत नाही. ट्रायपॉडला तिथं परवानगी लागते, खांबाला टेकून श्वास धरायचा.

मांडववाला_बीड:
दाण्याबद्दल एवढं बिनधास्त बोलू नका दादा, जुन्या कॅमेऱ्यावर ३२०० ला नवरीची हळद अन् गाल एकच दिसायलेत. मी १६०० च्या वर जात नाही, फ्लॅश छताला मारतो. अर्थात मांडवाला छत पांढरं असलं तरच, लाल कापडाला मारला तर सगळं वऱ्हाड लाल. आणि एलईडी माळांखाली फोटोत काळे पट्टे आले तर शटर १/१०० नाहीतर १/५० ठेव, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. पण अक्षता पडताना हे चालत नाही, तिथं १/२५० लागतंच, पट्टे आले तर आले.

जालन्याचा_नवखा:
आज घरच्या उस्मानाबादी शेळीवर बघितलं, काळीकुट्ट आहे. शून्यावर राखाडी आली, -१ ला बरोब्बर काळी, अंगावरचा केस न् केस दिसतोय. १/६० ला मात्र तिनं मान हलवली की सगळं गेलं, १/२५० ला डोळे पण नीट आले. आता बाबांना पांढरा सदरा घालून अंगणात बसवलंय, ते इचारायलेत अजून किती वेळ.