मदत हवी आहे: सह्या जमल्या, आता निवेदन द्यायचं कुणाला?

खारावारा
समुद्र आणि हवामान न्याय या विषयावर सह्यांची मोहीम चालवतोय. ४,१८० सह्या झाल्या. एका आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या सर्वसाधारण ईमेलवर निवेदन पाठवलं. आपोआप आलेली पोच सोडली तर तीन आठवडे शांतता. पुढे काय करायचं? 'जनजागृती करा' छापाचे सल्ले कृपया नकोत, वेळ कमी आहे.

नांगर
मागणी काय? निवेदन कुणाच्या नावे? सह्या कुठल्या देशांतल्या? आणि वेळ कमी म्हणजे कधीपर्यंत?

खारावारा
मागण्या नेहमीच्याच: खोल समुद्रात खाणी नकोत, प्लास्टिकचा करार करा, मासेमारीची अनुदानं थांबवा, हवामानाने झालेल्या हानीची भरपाई द्या. जुलैच्या आत पोचायला हवं. देशनिहाय आकडे काढलेले नाहीत.

नांगर
मग पोच तरी आली हे नशीब! या चार मागण्यांची दारं चार. अनुदानांचं दार जागतिक व्यापार संघटना. तिथला २०२२ चा करार १५ सप्टेंबर २०२५ ला लागूसुद्धा झाला, त्यामुळे नुसतं 'थांबवा' म्हणून भागत नाही, काय राहिलं ते लिहावं लागतं. भरपाईसाठी २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत ठरलेला निधी आहे, त्याचं २६ सदस्यांचं वेगळं मंडळ आहे. प्लास्टिकची बोलणी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात कराराविना संपली. खाणकाम म्हणजे किंग्स्टन, जमैका इथलं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण. तिथली मोठी बैठक जुलैमध्येच असते, तेव्हा तुम्हाला हेच दार हवंय. बाकीच्या तीन मागण्या काढा. पत्र उघडणारा माणूस 'हे आमचं नाही' म्हणून खाणीच्या मागणीसकट बाजूला ठेवतो.

कलमबहाद्दर
सह्या कसल्या गोळा करताय? २३ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की हवामान राखणं ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी आहे. सरळ त्या न्यायालयात, हेगला जा.

ओहोटी
@कलमबहाद्दर, हेगला सामान्य माणूस जाऊ शकत नाही. न्यायालयाचं ते मत मागितलं संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने, मार्च २०२३ मध्ये. पुढाकार वानुआतू या छोट्या बेट-देशाचा, आणि मूळ कल्पना पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांची, २०१९ ची. शिवाय ते सल्लागार मत आहे, निकाल नव्हे. समुद्राबद्दल बोलायचं तर हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाचं मे २०२४ चं मत जास्त जवळचं: हरितगृह वायू हे समुद्राचं प्रदूषणच. पण खाणकामाच्या निवेदनात ही दोन्ही एका ओळीत उरका. खरा आधार सागरी कायद्याच्या कराराची कलमं १३६ आणि १४५: समुद्रतळ हा साऱ्या मानवजातीचा वारसा, आणि त्याचं पर्यावरण राखणं बंधनकारक.

कलमबहाद्दर
मग खुल्या समुद्राचा नवा करार आहेच की. जानेवारी २०२६ पासून लागू.

ओहोटी
आहे, पण खाणीचे परवाने तो देत नाही. प्राधिकरणाचं काम प्राधिकरणाकडेच राहतं.

नांगर
मूळ मुद्द्यावर येतो. प्राधिकरणाच्या परिषदेत ३६ देश. तांत्रिक आयोगाने एखाद्या आराखड्याला मंजुरीची शिफारस केली की ती फेटाळायलाच दोन-तृतीयांश मतं लागतात, वर प्रत्येक गटात बहुमत. म्हणजे फेटाळायला पुरेसे देश उभे राहिले नाहीत तर आराखडा मंजूरच होतो. म्हणून सह्या किंग्स्टनला पाठवूच नका. देशनिहाय वेगळ्या करा आणि त्या-त्या देशाच्या समुद्र आणि परराष्ट्र खात्याला द्या, बैठकीच्या सहा-आठ आठवडे आधी. शिष्टमंडळ निघतं तेव्हा त्याची भूमिका ठरलेली असते.

खारावारा
ठीक. फक्त एक बारीक गोष्ट: सुरुवातीला मजकुरात 'कायमची बंदी' होतं, ३,००० सह्यांनंतर ते 'स्थगिती' केलं. त्याने फरक पडू नये.

नांगर
बारीक?? हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं! त्या ३,००० लोकांनी आत्ताच्या मजकुरावर सही केलेलीच नाही. त्यातल्या एकाने जरी जाहीर तक्रार केली तरी सगळ्या ४,१८० सह्या संशयात.

ओहोटी
त्यांना बदल कळवा, दहा दिवस द्या, नको असेल त्याने नाव काढावं.

नांगर
असहमत. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. पुन्हा होकाराचं बटण दाबतील तेवढेच मोजा. आठशे उरले तरी चालतील, ते पक्के असतील.

ओहोटी
मग दोन याद्या जोडा, प्रत्येकीवर तिचा मजकूर आणि तारखा. कुणालाही गाळायला नको.

शिंपला
मुखपृष्ठावर कासव ठेवा, लोकांना आवडतं. हिरवी पार्श्वभूमी, ठळक अक्षरं.

ओहोटी
@शिंपला, खाणी ४,००० ते ६,००० मीटर खोल होणार, तिथे कासव कुठून आणणार? खात्यातला माणूस पहिल्याच पानावर हसेल. ज्यासाठी तळ खणायचाय त्या बटाट्याएवढ्या धातूच्या गोट्याचा फोटो लावा. शार्कच्या दातासारख्या कणाभोवती तो दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. खाली एवढंच लिहा: पेरूजवळ १९८९ मध्ये प्रयोगासाठी तळ नांगरला, त्या चाकोऱ्या २०१५ मध्येही दिसत होत्या.

शिंपला
कासव असलेलं पान जास्त शेअर होतं, एवढंच म्हणायचं होतं.

खारावारा
दोन याद्या करतो. मथळ्यात 'बंदी' की 'स्थगिती'? एका शब्दात सांगा.

नांगर
स्थगिती. जून २०२५ पर्यंत ३७ देशांनी स्थगिती किंवा तशीच भूमिका घेतलीय. आणखी एकाला त्यांच्या रांगेत उभं करणं सोपं. आणि एक्सेल पाठवू नका, त्यात लोकांचे ईमेल आहेत. एक पान पत्र, मागे नाव आणि शहर एवढीच यादी, आवक क्रमांक घेऊनच परत या.