मदत हवी आहे: स्टेडियम क्लबच्या कार्डांची वीट कशी सोडवायची?

टॉप्स या अमेरिकी कार्ड कंपनीची १९९१ ची स्टेडियम क्लब बेसबॉल मालिका (खेळाडूंची संग्राह्य कार्डं; दोन भागांत ३०० + ३००, एकूण ६००). न्यू जर्सीतल्या दमट तळघरात पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्लास्टिकच्या स्लीव्हशिवाय (पातळ पाकिटाशिवाय) ठेवलेला शंभरेक कार्डांचा गठ्ठा चिकटून अक्षरशः वीट झाला आहे. ओलाव्याने चकचकीत लेप मऊ पडतो आणि शेजारच्या कार्डाला धरून बसतो.

गठ्ठा दोन्ही हातांत धरून हलकेच मागेपुढे वाकवला की तडतड आवाज होतो; वरची ४० तशीच सुटली. मधली मात्र ढिम्म हलत नाहीत. कडेत नख घातलं की लेपाचा पापुद्रा निघून खालचा पांढरा कागद उघडा पडतो, मग ते कार्ड गेलंच. नामवंत बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरचं कार्ड नेमकं त्या मधल्या थरात आहे, म्हणून जीव खालीवर होतोय.

आता झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह (ओलावा शोषणाऱ्या पुड्या) रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा विचार आहे. वाकवायचं गार असतानाच, की पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला आल्यावर? लगेच उघडली तर दव धरेल ना? आधी आठवडाभर सिलिकात सुकवलं तर लेप ठिसूळ होऊन जास्त सोलतो का?

वाफ किंवा हेअर ड्रायर कृपया सुचवू नका, त्याने लेप आणखी मऊ पडेल. ज्यांनी हीच मालिका सोडवली आहे त्यांनी सांगा.