मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टाकीतले पाणी किती दिवसांनी बदलावे?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या घरी गेले १४ महिने मी खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळत आहे. टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असून खडक आणि वाळूने व्यापलेली जागा वगळता तिच्यात अंदाजे १६० लिटर पाणी आहे. हॅचरीत वाढवलेले २ क्लाउनफिश, १ डॅमसेल मासा आणि १ क्लीनर श्रिंप (माशांचे अंग साफ करणारी कोळंबी), एवढेच जीव तिच्यात आहेत. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे त्या वाटेला मी गेलो नाही. खडकही कृत्रिम आहे.

दर रविवारी मी १६ लिटर, म्हणजे १० टक्के पाणी बदलतो. स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी आदल्या रात्री बादलीत भरून, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम या प्रमाणात समुद्री मीठ कालवून, त्यात छोटा पंप रात्रभर चालू ठेवतो आणि सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) १.०२५ ही विशिष्ट घनता मिळाल्याखेरीज ते टाकीत घालत नाही. सध्या उन्हाळ्यामुळे रोज सुमारे २ लिटर पाणी उडून जाते. मीठ टाकीतच मागे राहत असल्यामुळे ही भरपाई मी बिनमिठाच्या आरओच्या पाण्याने करतो आणि तिला पाणी बदलण्यात धरत नाही.

असे असूनही, माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून साठत जाणारे नायट्रेट, जे पूर्वी १० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास राहत असे, ते मार्चपासून वाढत जाऊन आता ४० झाले आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहेत. रविवारी पुसलेल्या काचेवर बुधवारपर्यंत तपकिरी साय धरते. मला सर्वांत जास्त काळजी कोळंबीची वाटते. पूर्वी पाण्यात हात घातला की ती बोटांवर चढून नखांच्या कडा टोकरत असे. गेले २ आठवडे ती खडकाच्या खोबणीतून बाहेर आलेली नाही.

एका दुकानदाराने महिन्यातून एकदा निम्मे पाणी बदलायला सांगितले, तर दुसऱ्याने स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र) असेल तर ३ महिने हात लावू नका असे सांगितले. दोन्ही सल्ले मला पटले नाहीत, म्हणून मी स्वतःच हिशेब मांडला. आठवड्यात नायट्रेट ५ पीपीएमने वाढते असे धरले, तर दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलूनही ते चढत चढत ५० पाशीच स्थिरावते. २० टक्के बदलल्यास मात्र २५ च्या वर जात नाही. पंधरवड्यातून एकदा २० टक्के बदलले, तर पुन्हा ५० च. हा हिशेब बरोबर असेल, तर मी दर आठवड्याला ३२ लिटर बदलायला हवे. परंतु आमच्या सोसायटीत सध्या बोअरवेल आणि टँकरवर भागवावे लागत आहे आणि १ लिटर शुद्ध पाण्यामागे आरओ जवळजवळ ३ लिटर सोडून देतो. ते पाणी आम्ही फरशीला वापरतो, तरीही एवढा वाढीव वापर करण्यापूर्वी अनुभवी लोकांचे मत घ्यावेसे वाटते.

प्रतिसाद:

आपला हिशेब बरोबर आहे, पण नवीन पाण्यात नायट्रेट शून्य आहे असे आपण त्यात गृहीत धरले आहे. ते पाणी मीठ घालण्यापूर्वी कधी तपासले आहे का? घरगुती आरओमध्ये बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) नियंत्रक असतो, जो चवीसाठी थोडे न गाळलेले पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. पिण्यासाठी ते ठीक असले, तरी बोअरवेलच्या पाण्यात नायट्रेट असेल, तर ते तसेच आपल्या बादलीत येते. मार्चपासून वाढ सुरू झाली, असे आपणच लिहिले आहे; बोअरवेल आणि टँकरचे पाणीही तेव्हापासूनच येत आहे का?

आधी हे तपासावे. पाणी स्वच्छ मिळू लागल्यावर एक दिवसाआड २० टक्के असे तीनदा बदलावे, म्हणजे ४० वरून नायट्रेट २० च्या आसपास येईल. एकदम निम्मे पाणी बदलू नये, कारण क्षारतेतला किंवा तापमानातला अचानक फरक मासे सोसतील, कोळंबी सोसेलच असे नाही. त्यानंतर पुन्हा आठवड्याला १० टक्क्यांवर यावे आणि २ महिने दर शनिवारी नायट्रेट लिहून ठेवावे. आकडा २० च्या खाली टिकून राहिला, तर ३ मासे आणि प्रवाळ नसलेल्या टाकीला पंधरवड्याचे अंतरही चालते. एरवी माझे मत आठवड्याचेच आहे, कारण थोडे थोडे बदलल्याने जिवांना धक्का बसत नाही. फ्रोझन खाद्य देत असाल, तर ते वितळवून, गाळणीत धुऊन मगच घालावे. त्याचे पाणी टाकीत जाऊ देऊ नये.

धागाकर्ता:

मनापासून आभार. आरओच्या पाण्याचा टीडीएस ११० निघाला आणि त्यातच नायट्रेट २० पीपीएम आहे. बदलाचे १६ आणि भरपाईचे १४, असे आठवड्याला ३० लिटर पाणी टाकीत जाते. म्हणजे ६०० मिलिग्रॅम नायट्रेट, १६० लिटरमध्ये जवळजवळ पावणेचार पीपीएम, मी स्वतःच दर आठवड्याला ओतत होतो. नियंत्रकाचा स्क्रू पूर्ण बंद केल्यावर टीडीएस १४ वर आला आहे आणि नायट्रेटच्या चाचणीचा रंग केशरीऐवजी पिवळा दिसतो. उद्याच्या ३२ लिटरसाठी मीठ कालवून पंप लावून ठेवला आहे. एवढेच आणखी सांगावे: कोळंबीचा विचार करता हे पाणी बारीक नळीने तासाभरात हळूहळू सोडावे, की क्षारता आणि तापमान जुळत असल्यास नेहमीसारखे मगाने घातले तरी चालेल?