चार हजारांत नॉर्दर्न लाइट्स: एकांकिकेच्या प्रकाशयोजनेसाठी मदत हवी

विंगेतली_वेंधळी:

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजची एकांकिका आहे. नॉर्वेत ट्रॉम्सोला शिकणारा मुलगा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला भेटायला गेलेले शिक्षक वडील, दोनच पात्रं. जूनचा पहिला आठवडा. शेवटची सात-आठ मिनिटं दोघं उघड्यावर उभे राहून नॉर्दर्न लाइट्स (उत्तर ध्रुवाजवळ रात्रीच्या आभाळात हलणारा रंगीत प्रकाश) बघतात आणि तिथे त्यांचं भांडण मिटतं (किंवा मिटत नाही, दिग्दर्शकाचं अजून ठरत नाहीये).

हाताशी सहा एलईडी पार (रंग बदलणारे गोल दिवे), ते चालवायला एक छोटा डीएमएक्स कंट्रोलर आणि दोन जुने हॅलोजन स्पॉट आहेत. मागे पांढरा सायक, म्हणजे आभाळ दाखवायचा मोठा पडदा, त्याच्यापुढे पाचेक फूट मोकळी जागा. लाइट्ससाठी चार हजार रुपये मिळालेत. काल सहाही पार हिरवे-जांभळे करून सायकवर मारले, तर थेट गणपतीचा मांडव दिसायला लागला. एक सीनियर म्हणतो, परातीत पाणी आणि आरशाचे तुकडे टाकून त्यावर स्पॉट मार. कुणी हे केलंय का?

प्रॉम्प्टर७:

कॉलेजात प्रोजेक्टर असेलच की. एखादा व्हिडिओ लावा, विषय संपला.

फेडरवाले_काका:

प्रोजेक्टरवाल्यांसाठी आधी सांगतो. प्रोजेक्टरचा काळा हा काळा नसतो, राखाडी असतो. रंगमंच अंधारला की सायकवर तो चौकोन उठून दिसतो आणि प्रेक्षक आभाळ सोडून चौकोनाच्या कडा बघत बसतो. शिवाय तुम्ही पोरं तो समोरून लावणार, म्हणजे वडिलांच्या टकलावरही नॉर्दर्न लाइट्स.

पाण्याची परात नको. तिचा प्रकाश आडवा हलतो आणि डोळ्याला लगेच पाणी कळतं. होडीच्या प्रसंगाला उत्तम, इथे नाही. तुम्हाला उभे पट्टे हवेत.

त्यासाठी चंदेरी मायलर घ्या. गिफ्ट पेपरच्या दुकानात मिळतो तो साधा, गुळगुळीत, आरशासारखा. नक्षीचा किंवा इंद्रधनुषी घेऊ नका. लाकडी पट्ट्यांची तीन बाय दोन फुटांची आडवी चौकट ठोका आणि कागद ताणून न बसवता साडीच्या निऱ्यांसारखा सैल, उभ्या वळ्या पाडून वरच्या पट्टीला स्टेपल करा. खालची कड मोकळी सोडा. वळ्या उभ्या असल्या की प्रकाश बाजूंना फाकतो आणि सायकवर उभ्या रेघा पडतात. चुरगाळलेल्या कागदाने फक्त ठिपके पडतील.

दिवा सायकच्या पायाशी जमिनीवर, तोंड प्रेक्षकांकडे. त्याच्यासमोर चार फुटांवर चौकट, तोंड सायककडे. चौकट मागे कलती ठेवली की प्रकाश वर चढतो. किती कलवायची ते बघत बघत ठरवा. हे सगळं झाकायला पुढे काळ्या पुठ्ठ्याची डोंगररांग. दिव्याचा थेट प्रकाश चौकटीच्या बाजूने प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाणार नाही, तेवढी ती रुंद हवी.

पार इथे चालणार नाही. त्यात एलईडीचे बरेच दाणे असतात, प्रत्येकाच्या वेगळ्या रेघा पडून सगळं एकमेकांत मिसळतं. इलेक्ट्रिकच्या दुकानातून पन्नास वॉटचा एलईडी फ्लडलाइट आणा, पण आत एकच पिवळा चौकोन असलेला. दाण्यांच्या रांगा दिसल्या तर परत करा. रेघा पुसट वाटल्या तर पुढे काळा पुठ्ठा लावून दोन बोटांची खिडकी कापा. वर हिरवा जिलेटीन, म्हणजे दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद. ली कंपनीचा १३९ नंबर फार गडद आहे, निम्म्याहून जास्त प्रकाश खातो, १२२ घ्या. हॅलोजन मायलरजवळ अजिबात नेऊ नका, कागद आकसतो आणि मग जळतो.

कागदाच्या मोकळ्या कडेला काळा दोरा बांधून विंगेत एका शांत डोक्याच्या मुलाच्या हातात द्या. खालची कड बोटभर हलली तरी सायकवर हातभर सरकते. मोटर लावू नका, तिची लय लोकांना तिसऱ्या फेरीला समजते.

आणि महत्त्वाचं म्हणजे दिवे वाढवू नका, बंद करा. समोरच्या बारवरचा (दिवे टांगायच्या आडव्या नळीवरचा) एक स्पॉट चुकून सायकवर सांडला की हे सगळं पुसलं गेलं. नटांना सायकपासून निदान सहा-सात फूट पुढे आणा, विंगेतून फिका निळा मारा, समोरचं सगळं शून्यावर. चेहरे कमी दिसतील. दिसू देत. त्या वेळी वडिलांचा आवाज पुरेसा आहे.

उत्तरेकडचा_बाळू:

मी नॉर्वेतच असतो, म्हणून एक शंका. जूनचा पहिला आठवडा? ट्रॉम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही. रात्री बारालाही ऊन असतं, नॉर्दर्न लाइट्स कुठून दिसणार? सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर यातला कुठलाही महिना घ्या. वडील दिवाळीच्या सुट्टीत येऊ देत.

बाकी काकांशी सहमत. प्रत्यक्षातही रंगांची उधळण नसते. हिरवाच जास्त, तो साधारण शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा. त्याच्या वर, दोनशेच्या पुढे, तांबडा, तोही ऑक्सिजनचाच. जोर असला की खालच्या कडेला नायट्रोजनची गुलाबी-जांभळी किनार. खालची कड रेखीव असते आणि वर जाता जाता पट्टे विरतात. सुरुवातीला नुसती एक फिकट, जवळजवळ राखाडी कमान असते, नवख्याला ढग वाटतो. बराच वेळ काही होत नाही. मग एकदम हलायला लागते, मिनिट-दोन मिनिटं वेड्यासारखी, आणि पुन्हा मंद.

विंगेतली_वेंधळी:

बाप रे, जूनचं कुणाच्या लक्षातच आलं नाही! दिवाळीच करतो, फराळाचा डबाही आणता येईल वडिलांना. पण मे २०२४ मध्ये लडाखला हानलेहून लाल आभाळाचे फोटो आले होते ना? त्यामुळे दिग्दर्शकाला लालही हवाय.

फेडरवाले_काका:

हानले फार दक्षिणेला. तिथून त्या प्रकाशाचा वरचा, लाल भागच क्षितिजाजवळ दिसला, हिरवा दिसला नाही. तुमचं नाटक ट्रॉम्सोत आहे, लाल वर ठेवा आणि तोही कमी. दोन पार वरच्या बारवरून सायकच्या माथ्यावर, गडद लाल, वीस टक्के. स्वस्त पार पाच-सात टक्क्यांवर पायऱ्या घेत उतरतात, झटका दिसतो. म्हणून लाल आधीच लावून ठेवा आणि वडील बोलत असताना काढा, तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. एक पार मंद हिरवा, जमिनीवरच्या पांढऱ्या कापडावर, बर्फावर उजेड पडल्यासारखा. पारचे ऑटो आणि साउंड मोड (आपोआप किंवा आवाजावर रंग बदलणारे) बंद आहेत ना, ते दर प्रयोगाआधी बघा.

मायलरची वरची कड कात्रीने करवतीसारखी कापा, पट्टे वेगवेगळ्या उंचीवर विरतील. खालची सरळच ठेवा, म्हणजे बाळूभाऊ म्हणतात तशी रेखीव कड मिळेल.

बाळूभाऊंनी सांगितलेला क्रमही धरा. पहिली दोन-तीन मिनिटं दोरा धरून नुसतं बसायचं. दिग्दर्शक म्हणेल काहीच होत नाहीये, त्याचं ऐकू नका.

स्मोक मशीनचं कुणी सुचवेल. भाड्याचं आणाल, त्याचे लोट आधी नटांच्या घशात जातील. पैसे उरले तर दुसरा फ्लडलाइट घ्या, एक ऐनवेळी जातोच.

विंगेतली_वेंधळी:

दोऱ्यावर आमचा बॅकस्टेजचा सुहास बसेल, तो वर्गातही हलत नाही. रविवारी तालमीत लावून बघतो. काका, चौकट जमिनीवर घसरते, खाली काय लावू?

फेडरवाले_काका:

वाळूच्या दोन पिशव्या. आणि वायरवर टेप मारा, अंधारात सुहास अडखळेल.