शब्दचर्चा: ‘अब्रप्ट’ म्हणजे आकस्मिक, एकाएकी की उलाळ?

परभणीकर: हिमयुगातल्या हवामानावरच्या लेखाचं भाषांतर चाललंय. ग्रीनलंडच्या बर्फात नोंद सापडते, की शेवटच्या हिमयुगात सुमारे २५ वेळा तिथलं तापमान काही दशकांतच १० अंशांच्या आसपास चढलं आणि मग शेकडो वर्षं सावकाश उतरलं. डान्सगार्ड-ओश्गर घटना त्या ह्याच. मी ‘आकस्मिक हवामानबदल’ लिहिलं, संपादकांनी ‘अचानक’ केलं. बरोबर काय?

बीडकर: ‘आकस्मिक’ नकोच. अ-कस्मात् म्हणजे कशामुळेही नाही, विनाकारण. इथं तर कारण शोधायलाच मॉडेल मांडतात. ‘एकाएकी’ लिहा.

लातूरकर: ‘आकस्मिक खर्च’ला कुणी विनाकारण खर्च समजत नाही. शब्द वापरावर चालतो, व्युत्पत्तीवर नाही.

नांदेडकर: वेगापेक्षा उंबरठा महत्त्वाचा आहे हो. समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांचं समुद्री प्रवाहाचं १९६१चं मॉडेल घ्या, हा प्रवाहच ध्रुवाकडं ऊब नेतो. समुद्राच्या जागी दोन हौद: एक विषुववृत्ताकडचा, उष्ण नि खारट, दुसरा ध्रुवाकडचा, थंड नि कमी खारट. घनतेत जेवढा फरक, तेवढा मधला प्रवाह. थंडीनं ध्रुवाकडचं पाणी जड होतं, गोड्या पाण्यानं हलकं. गोड्या पाण्याचा ओघ वाढवत न्या. प्रवाह मूळच्या निम्म्यावर येईपर्यंत तग धरतो. त्यापुढे थेंबभर वाढवलं की कोसळून उलटा फिरतो. मग थेंबभर कमी करून भागत नाही, ओघ बराच मागं न्यावा लागतो.
एक्सेलमध्ये करणार असाल तर प्रत्येक पायरीला क्षारतेचा फरक मागच्या पायरीवरून उचला. दर वेळी शून्यापासून सुरू केलं तर जातानाची नि येतानाची रेघ एकच येते, मुद्दाच बुडतो. पायऱ्या घाईनं चढलात तर उंबरठा आहे त्याच्या पुढं दिसतो.

बीडकर: मग याला आपल्याकडं शब्द आहे की! उलाळ. कडब्याची गाडी भरताना ओझं आखाच्या मागं गेलं की जू वर उचलतं, गाडी उलाळ होते. शेवटची पेंढी काढली तरी जू खाली येत नाही. ओझं आखापेक्षा उंच असतं, गाडी कलली की ते आणखी मागं जातं. चार-पाच पेंढ्या काढा, नाहीतर जुवाला लोंबकळा.

लातूरकर: गाडी न पाहिलेल्या वाचकाला ‘उलाळ’ काय कळणार? ‘कडेलोट’ रुळतोय, तो घ्या.

नांदेडकर: कडेलोट झालेलं परत येत नाही. हे हवामान पंचवीसदा परत आलं.

परभणीकर: हिंदीत ‘उलार’ याच अर्थानं आहे. दखनीतून आला असेल का?

बीडकर: संस्कृत ‘उल्लल्’वरून असणार. ‘ळ’ आपलाच.

लातूरकर: आणि आख कसला, आस म्हणा. पुस्तकात आसच असतो.

बीडकर: भाऊ, पृथ्वीचा आस, गाडीचा आख. दोन्ही अक्षावरूनच आले, तरी एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

परभणीकर: उंबरठ्याच्या परिच्छेदात गाडी घालतो, ‘उलाळ’सकट. शीर्षकाचं मात्र राहिलंच.

लातूरकर: ‘अचानक’ ठेवा.

बीडकर: एकाएकी!